‘ग्रीन बाँड’ म्हणजे सुरक्षित बाँड? पैसे लावण्याआधी हे वाचा

बाँडच्या अ‍ॅपवर हिरवा बॅज दिसला की विश्वास बसतो. मी स्वतः अ‍ॅप बनवतो, म्हणून सांगतो: असा बॅज लावायला कोडची एखादी ओळ पुरते. खरी माहिती ऑफर डॉक्युमेंटमध्ये असते.

बाँड म्हणजे आपण कंपनीला दिलेलं कर्ज. आमच्या जुन्नर-आंबेगावात ठिबकसाठी कर्ज काढलं तर ते ठिबकलाच वापरायचं, त्यातून बाइक घ्यायची नाही. ग्रीन बाँडचंही तसंच. पैसा ठरलेल्या पर्यावरणपूरक कामालाच लावायचा आणि सेबीच्या नियमांनुसार दरवर्षी त्याचा हिशेब द्यायचा.

उदाहरण घ्या. माइंडस्पेस रीट हा भाड्याने दिलेल्या ऑफिस इमारतींचा ट्रस्ट आहे. पुण्यातही त्याच्या इमारती आहेत. त्याने मार्च २०२३ मध्ये ५५० कोटींचे ग्रीन बाँड काढले. मुदत ३ वर्षं, व्याज ८.०२ टक्के.

२०२४ मध्ये त्यानेच ६५० कोटींचे ‘सस्टेनेबिलिटी-लिंक्ड’ बाँड आणले. नाव जवळचं, पण नियम वेगळा. या प्रकारात पैसा हिरव्या कामालाच लावायची सक्ती नसते. पर्यावरणाचं ठरलेलं उद्दिष्ट चुकलं, तर बहुतेक वेळा कंपनीला जास्त व्याज द्यावं लागतं.

मग पैसे परत मिळतील का? ते ‘ग्रीन’ लेबल सांगत नाही. त्यासाठी तीन गोष्टी बघा:

• क्रेडिट रेटिंग किती?
• बाँड सिक्युअर्ड आहे का?
• अ‍ॅपची सेबीकडे नोंदणी आहे का?

इमारत कितीही हिरवी असो, कर्ज फेडायचं असतं कंपनीनेच.