देवीचे नाव, मोलकरणीची ओळख

आयर्लंडमध्ये २०२३ पासून फेब्रुवारीच्या आरंभी संत ब्रिजिडच्या स्मरणार्थ सार्वजनिक सुटी दिली जाते. स्त्रीच्या नावाची त्या देशातील ही पहिलीच सार्वजनिक सुटी. मात्र, सुटीला लाभलेले हे नाव मुलीला ठेवण्यास तेथील आईवडील आता फारसे उत्सुक नसतात.

या नावाचे मूळ मराठी वाचकाला अगदीच परके नाही. भाषाशास्त्रज्ञ त्याचे प्राचीन केल्टिक रूप 'ब्रिगंती' असे मांडतात. अर्थ 'उच्च', 'थोर'. संस्कृतातील 'बृहती' हे त्याचेच भावंड! 'बृहन्मुंबई'तला 'बृहत्'ही याच कुळातला. इसवी सन ९०० च्या सुमारास मन्स्टरचा राजा आणि बिशप कोरमाक याच्या नावावर असलेल्या शब्दकोशात ब्रिजिड ही कवींची देवी असल्याची नोंद आढळते. तिच्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकाची, तर दुसरी लोहारकामाची देवता. कोशाने नावाचा अर्थ मात्र 'अग्निबाण' असा लावला. व्युत्पत्ती चुकीची, पण मोहक!

किल्डेरला मठ स्थापन करणारी संत ब्रिजिड परंपरेनुसार पाचव्या-सहाव्या शतकातली. तिचा सण १ फेब्रुवारीला, म्हणजे 'इम्बोल्क' या जुन्या वसंतोत्सवाच्याच दिवशी येतो. देवी कुठे संपते आणि संत कुठे सुरू होते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मध्ययुगात हे नाव इतके पवित्र मानले जाई, की ते थेट ठेवण्यास लोक कचरत. त्याऐवजी 'मेल ब्रिग्ते', म्हणजे ब्रिजिडचा सेवक, असे नाव ठेवले जाई, आपल्याकडील 'रामदास'सारखेच. सतराव्या शतकानंतर हा संकोच ओसरला आणि एकोणिसाव्या शतकात 'ब्रिजेट' घरोघरी दिसू लागली.

हीच लोकप्रियता पुढे नावाच्या मुळावर आली. १८४५ पासूनच्या भीषण दुष्काळात सुमारे १० लाख लोक मृत्युमुखी पडले आणि जवळपास तितक्यांनीच देश सोडला. न्यूयॉर्क, बोस्टनमधील सुखवस्तू घरांत आयरिश तरुणी स्वयंपाक, धुणीभांडी करू लागल्या. खरे नाव काहीही असो, मालकिणीच्या लेखी प्रत्येक जण 'ब्रिजेट' किंवा 'बिडी'. 'पक' या अमेरिकी साप्ताहिकाच्या व्यंगचित्रांत तर ती मालकिणीच्या अंगावर धावून जाणारी दांडगी बाई म्हणून रंगवली गेली. राबणाऱ्या हातांना मिळालेली ही बिदागी! परिणामी अनेक ब्रिजेटनी स्वतःला डेलिया किंवा बर्था म्हणवून घेतले आणि आपल्या मुलींना तर हे नाव ठेवलेच नाही. विसाव्या शतकात खुद्द आयर्लंडमध्येही ते आजीबाईंचे नाव ठरले.

जुन्या आयरिश शब्दांचे वावडे हे त्यामागील कारण नव्हे. 'स्वातंत्र्य' असा अर्थ असलेले 'सीर्शा' तेथे लोकप्रिय आहे, तर २०२१ मध्ये 'रानटी, मुक्त' अशा अर्थाचे 'फिया' हे नवजात मुलींच्या नावांत अव्वल ठरले. किल्डेरमध्ये ब्रिजिडाइन भगिनींनी १९९३ मध्ये संत ब्रिजिडची ज्योत पुन्हा प्रज्वलित केली. 'ब्रीद' हे तिच्या नावाचे आयरिश रूप पाळण्यापर्यंत मात्र क्वचितच पोहोचते.