सफाई कामगारांचे हात : साबण, राख की सॅनिटायझर?

आपल्या अनेक कुटुंबांत कोणी ना कोणी सफाई खात्यात राबलेले आहे. सकाळची हजेरी, मग झाडू, कचरागाडी किंवा गटार आणि मधल्या सुट्टीत भाकरीचा डबा. अतिसार, विषमज्वर, कावीळ, जंत यांचा प्रसार बहुधा विष्ठेतून हाताला व हातातून तोंडात असाच होतो. म्हणून हात धुण्याची कोणती रीत किती उपयोगी, हे विद्यार्थ्यांनी समजून घेऊन घरी सांगावे.

नुसत्या पाण्याने धूळ जाते, तेलकट मळ व त्याला चिकटलेले जंतू बरेचसे राहतात. साबण जंतू मारतो हा समज अर्धाच खरा आहे. त्याचे मुख्य काम मळाची पकड सोडविणे. पुढे चोळणे आणि वाहते पाणी जंतूंना घेऊन जाते. राखेनेही हे थोडेफार साधते. माती मात्र नको. तिच्यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि कामगाराच्या हातावर काचेचे, पत्र्याचे ओरखडे असतातच.

2020 च्या साथीत सॅनिटायझर घरोघरी पोचले. त्यात किमान 60 टक्के अल्कोहोल असेल तर स्वच्छ दिसणाऱ्या हातांवर ते उत्तम काम करते; दवाखान्यात म्हणूनच वापरतात. पण चिखल, तेल, घाण लागलेल्या हातांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. जंतांच्या अंड्यांवरही ते पुरेसे चालत नाही. म्हणजे गटारात काम करणाऱ्याला सॅनिटायझरची बाटली देऊन मोकळे होणे ही फसवणूकच होय.

महागडा 'जंतुनाशक' साबण घ्यावा काय? साध्या साबणापेक्षा तो सरस असल्याचा पुरावा उत्पादकांना देता आला नाही, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2016 साली ट्रायक्लोसानसह 19 द्रव्ये अशा साबणांतून काढण्यास सांगितले. फिनेल वा ब्लीचिंगच्या पाण्यात हात बुडवणे तर टाळावेच. कातडी फाटते आणि भेगांत जंतू शिरतात.

धुण्यास एकूण 40 ते 60 सेकंद द्यावेत, नखे व अंगठा विसरू नये, हात कोरडे करावेत. हातमोजे काढल्यावरही धुवावे.

हे सारे खरे, पण चौकीवर नळच नसेल तर कामगाराला अस्वच्छ म्हणण्याचा अधिकार कोणाला? पाणी व साबण पुरविणे मालकाचे काम आहे, ते संघटनेने मागून घ्यावे. तोवर दोन लिटरच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून बारीक धार करावी. एका बाटलीत बरेच हात धुऊन होतात.