नूतन : वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित

वारशाची गोष्ट निघाली कीं आपल्याकडे दोन शब्द हटकून कानीं येतात, वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित. घर, शेत, पेढी यांच्या बाबतींत हा भेद दाखविणें सोपें असतें. जुनीं कागदपत्रें काढलीं कीं भागतें. कलेच्या बाबतींत मात्र ही वांटणी सहसा कोणाला करतां येत नाहीं. गवयाच्या मुलाला सूर पाळण्यांतच ऐकूं येतात, कीर्तनकाराच्या मुलाला आख्यान रंगविण्याची हातोटी न शिकवतां साधते, आणि तो पुढें नांवारूपाला आला म्हणजे लोक म्हणतात, "त्यांच्या घरचेंच आहे तें." या उद्गारांत कौतुक असतें तसा थोडा अन्यायहि असतो. घरानें काय दिलें, त्याच्या मोबदल्यांत काय घेतलें, आणि राहिलेलें त्या माणसानें कोठून मिळविलें, हा हिशेब त्यांत मांडलेलाच नसतो. हिंदी चित्रपटांतील श्रेष्ठ अभिनेत्री नूतन हिच्या जीवनक्रमांत हा हिशेब फार स्पष्टपणें पाहावयास सांपडतो.

नूतनचा जन्म ४ जून १९३६ रोजीं मुंबईंत झाला. तिच्या मातोश्री शोभना समर्थ या त्या वेळीं नुकत्याच पडद्यावर आल्या होत्या. माहेरच्या त्या सरोज शिलोत्री. मास्टर विनायकांनीं दिग्दर्शित केलेल्या 'विलासी ईश्वर' या १९३५ सालच्या बोलपटांतून त्यांनीं पदार्पण केलें, आणि विजय भट्ट यांच्या १९४३ सालच्या 'रामराज्य' चित्रपटांतील सीतेच्या भूमिकेनें त्यांचें नांव देशभर झालें. वडील कुमारसेन समर्थ हे दिग्दर्शक. 'शिर्डीचे साईबाबा' हा १९५५ सालचा मराठी चित्रपट त्यांचाच. आजी रतनबाई यांनींहि एका मराठी बोलपटांत काम केलें होतें, आणि नलिनी जयवंत या नामांकित अभिनेत्री नात्यांतल्याच होत्या. आईवडील पुढें विभक्त झाले, आणि नूतन, चतुरा, तनुजा व जयदीप या चार भावंडांच्या घराची धुरा शोभनाबाईंकडे राहिली.

या घराचें वेगळेपण नीट ध्यानीं घेतलें पाहिजे. त्या काळीं सुखवस्तु मराठी कुटुंबांतील मुलीला पडद्यावर जावयाचें म्हणजे आधीं स्वतःच्या घराशींच झगडावें लागे. नातेवाईकांचे टोमणे, लग्न जमण्याची चिंता, शेजारपाजारची कुजबूज, हें सारें ओलांडल्यावर मग कोठें स्टुडिओचा दरवाजा दिसे. नूतनला हा झगडा करावाच लागला नाहीं. आईनें तो आधींच केला होता. घराकडून तिला मिळालेला पहिला आणि सर्वांत मोठा वारसा हाच होय.

सन १९५० मध्यें शोभनाबाईंनीं 'हमारी बेटी' हा चित्रपट स्वतः निर्माण केला आणि स्वतःच दिग्दर्शित केला. नायिका चौदा वर्षांची नूतन. धाकटी तनुजा हिनेंहि त्यांत बालभूमिका केली. संगीत स्नेहल भाटकरांचें होतें, आणि त्यांतील एक गीत नूतननें स्वतःच्या आवाजांत गाइलें. पुढच्याच वर्षीं झिया सरहदी यांच्या 'हम लोग' चित्रपटांत क्षयानें खंगत जाणाऱ्या मुलीच्या भूमिकेनें तिनें जाणत्यांचें लक्ष वेधून घेतलें. त्याच साली 'नगीना' हा रहस्यपट आला. सेन्सॉरनें तो केवळ प्रौढांसाठीं ठरविला होता, आणि नायिकेलाच अठरा वर्षें पुरीं झालेलीं नसल्यामुळें चित्रपटगृहाच्या दारावर तिला अडविण्यांत आलें, असें सांगतात. हा प्रसंग हंसण्यासारखा खराच. परंतु त्यांत विचार करण्याजोगेंहि पुष्कळ आहे. जी गोष्ट पाहण्याचें जिचें वय नव्हतें, ती करून दाखविण्यापुरतें तिचें वय पुरेसें मानलें गेलें होतें. घरच्या धंद्यांत मूल लौकर हाताशीं येतें तें असें.

शिवाय तुलना होती. आई लोकांच्या मनांत सीता म्हणून बसलेली. मुलगी उंच, किडकिडीत आणि बुजरी. रूढ सौंदर्याच्या मापानें तिला मोजणाऱ्यांनीं तिच्यांत उणेपणाच काढला. सन १९५३ मध्यें शोभनाबाईंनीं तिला शिक्षणासाठीं स्वित्झर्लंडला पाठविलें. चालत असलेला व्यवसाय थांबवून मुलीला परदेशीं धाडणें हें त्या काळच्या चित्रपटसृष्टींत नवलाचेंच होतें, आणि त्याचें श्रेय आईला दिलेंच पाहिजे.

परत आल्यावर अमिय चक्रवर्ती यांचा 'सीमा' (१९५५) आला, आणि येथून स्वकष्टार्जिताचें खातें सुरू होतें. गौरी ही पोरकी मुलगी. तिच्यावर चोरीचा खोटा आळ येतो आणि ती सुधारगृहांत येऊन पडते. नूतननें या मुलीला दीनवाणी केली नाहीं. अन्याय झालेलें माणूस आधीं रडत नाहीं, आधीं चिडतें, ही साधी गोष्ट तिनें ओळखली होती. याच चित्रपटांत लता मंगेशकर यांनीं गाइलेलें एक रागदारीचें गीत आहे. गाणाऱ्या गळ्याची हालचाल, श्वास घेण्याची जागा, तानेच्या शेवटीं मानेला येणारा हलकासा झोल, हें सारें नूतनच्या ठिकाणीं इतकें खरें दिसतें कीं आवाज दुसरीचा आहे याचा विसर पडतो. लहानपणीं घेतलेलें संगीताचें शिक्षण येथें कामीं आलें. शिक्षण घरानें दिलें होतें. त्याचा असा उपयोग करणें तिचें स्वतःचें. या भूमिकेबद्दल तिला फिल्मफेअरचें उत्कृष्ट अभिनेत्रीचें पारितोषिक मिळालें. तें तिचें पहिलें.

तिच्या अभिनयाची खरी जात पाहावयाची तर बिमल रॉय यांचे दोन चित्रपट पाहावे. पहिला 'सुजाता' (१९५९). अस्पृश्य आईबापांचें पोरकें मूल एका सुशिक्षित ब्राह्मण कुटुंबांत वाढतें. घरांतील बाई तिला वाईट वागवीत नाहीं. परंतु परक्यांना ओळख करून देतांना 'मुलगी' न म्हणतां 'मुलीसारखी' म्हणते. या 'सारखी' शब्दांत सारा चित्रपट सामावला आहे. ही बाई सुलोचनाबाईंनीं मोठ्या समजुतीनें रंगविली आहे. ज्या श्रोत्यांनीं हा चित्रपट पाहिला असेल त्यांना टेलिफोनचा प्रसंग खचित आठवेल. नायक दुसऱ्या टोंकाहून गीत म्हणतो, आवाज तलत महमूद यांचा, आणि सुजाता केवळ ऐकते. तिला एकहि शब्द बोलावयाचा नाहीं. आनंद, त्यावर विश्वास न बसणें, आपल्या जन्माची आठवण, आणि मग डोळ्यांत उभें राहणारें पाणी, या सगळ्या पायऱ्या केवळ ऐकण्यांतून उमटतात. गीत पुरुषाचें आहे. प्रसंग मात्र तिचा होतो.

दुसरा 'बंदिनी' (१९६३). कल्याणी ही खुनाच्या आरोपावरून शिक्षा भोगणारी स्त्री. ज्या रुग्णाईताची ती शुश्रूषा करते, ती आपल्या प्रियकराचीच पत्नी आहे हें तिला कळतें, आणि त्याच वेळीं आपल्या शोधांत निघालेल्या वडिलांच्या मृत्यूचाहि आघात होतो. तिच्या मनांत विषाचा विचार येतो तो प्रसंग चित्रपटकलेच्या कोणाहि अभ्यासकानें पाहावा. बाहेर लोखंडावर घणाचे ठोके पडत आहेत. जोडकाम करणाऱ्या ज्योतीचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडतो आणि विझतो. संवाद नाहीं, आक्रोश नाहीं, मुठी आवळणें नाहीं. प्रत्येक वेळीं उजेड परत येतो तेव्हां तो चेहरा किंचित् बदललेला असतो. आईच्या पिढीच्या पडद्यावर रंगभूमीची वहिवाट अजून शिल्लक होती. शेवटच्या रांगेपर्यंत भाव पोंचविण्यासाठीं हात उंचवावा लागे, शब्द लांबवावा लागे. कॅमेरा अगदीं जवळ आला आहे, आतां पोंचविण्यापेक्षां आवरणें महत्त्वाचें, हें नूतनला उमगलें. हा धडा तिला घरीं मिळण्यासारखा नव्हता. 'सुजाता' आणि 'बंदिनी' या दोन्ही चित्रपटांनीं तिला पुन्हां तें पारितोषिक मिळवून दिलें. यावरून ती केवळ दुःखाचीच अभिनेत्री होती असें मात्र कोणीं समजूं नये. देव आनंद यांच्याबरोबरच्या 'पेइंग गेस्ट' (१९५७) आणि 'तेरे घर के सामने' (१९६३) या चित्रपटांतील तिचा खट्याळपणा तितकाच सहज आहे.

आतां या हिशेबांतील नाजूक रकमेकडे वळलें पाहिजे. सन १९५८ मध्यें शाहिद लतीफ यांचा 'सोने की चिडिया' हा चित्रपट आला. कथा इस्मत चुगताई यांची. पोरकी मुलगी चित्रपटांत नटी होते, आणि तिला छळणारे नातलगच तिच्या कमाईवर चैन करूं लागतात. नायिका अर्थात् नूतन. मिळवत्या मुलीच्या घरांत प्रेम आणि पैसा यांची गांठ कशी पडते हें तिनें पडद्यावर दाखविलें, आणि पुढें थोड्या वेगळ्या रीतीनें तें तिच्या वांट्यासहि आलें. सन १९६० मध्यें शोभनाबाईंनीं 'छबिली' चित्रपटांतून तनुजेला पुढें आणलें. त्यांत नूतनहि होती, आणि पुन्हां एकदां भाटकरांच्या संगीतावर ती गाइली. परंतु कुटुंबाच्या पैशाच्या हिशेबावरून मायलेकींत वितुष्ट आलें, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें, आणि अनेक वर्षें दोघींचें येणेंजाणें बंद राहिलें. शेवटीं समेट झाला. यांत चूक कोणाची हें बाहेरच्यांनीं ठरवूं नये. ध्यानीं घ्यावयाची गोष्ट एवढीच कीं जेथें आई हीच निर्माती, दिग्दर्शक आणि खजिनदार असते, तेथें मुलीला आई कोठें संपली आणि मालक कोठें सुरू झाला हें कळणें कठीण जातें. आणि आईलाहि आपण दिलेलें प्रेम कोणतें व गुंतविलेलें भांडवल कोणतें हें सांगतां येत नाहीं.

११ ऑक्टोबर १९५९ रोजीं नूतनचा विवाह नौदलांतील अधिकारी रजनीश बहल यांच्याशीं झाला, आणि १९६१ मध्यें मुलगा मोहनीश झाला. त्या काळीं विवाह म्हणजे नायिकेच्या व्यवसायाचा शेवट समजला जाई. नूतनची 'बंदिनी' विवाहानंतरची, 'मिलन' (१९६७) त्यानंतरचा, आणि 'सौदागर' (१९७३) तर त्याहूनहि पुढचा. 'सौदागर'मध्यें ती खजुरीच्या रसाचा उत्तम गूळ करणारी विधवा झाली आहे. नवरा तिच्याशीं लग्न करतो तें तिच्या हातच्या कसबासाठीं, आणि गरज सरतांच तिला टाकून देतो. या भूमिकेंत नटण्याला वाव नाहीं. आहे तो केवळ कष्टणाऱ्या स्त्रीच्या स्वाभिमानाला. सन १९७४ मध्यें तिला पद्मश्री मिळाली. 'मैं तुलसी तेरे आंगन की' (१९७८) हा राज खोसला यांचा चित्रपट चंद्रकांत काकोडकर यांच्या मराठी कादंबरीवरून घेतलेला. त्यांतील भूमिकेनें 'मिलन'नंतरचें, म्हणजे पांचवें, पारितोषिक तिला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या कामाबद्दल मिळालें.

२१ फेब्रुवारी १९९१ रोजीं कर्करोगानें तिचें निधन झालें. वय अवघें चौपन्न. शोभनाबाई मागें राहिल्या. त्या २००० सालीं वारल्या. तनुजा तर नांवाजलीच. तिची मुलगी काजोल हिनें २०११ मध्यें पांचवें पारितोषिक घेऊन मावशीची बरोबरी केली. मोहनीश नट झाला, आणि त्याची मुलगी प्रनूतन हिनें २०१९ मध्यें पडद्यावर पाऊल टाकलें. वडिलोपार्जित अशा रीतीनें पिढ्यान् पिढ्या उतरत आलें आहे.

परंतु उतरतें तें काय? नांव उतरतें, ओळखी उतरतात, दरवाजा उघडा मिळतो. क्वचित् गळाहि उतरतो. टेलिफोन कानाशीं धरून गप्प उभें राहण्याचें सामर्थ्य मात्र कोणत्याहि दस्तऐवजानें मुलांच्या नांवावर करून देतां येत नाहीं. तें ज्याचें त्यानें मिळवावें लागतें. ज्या घरांतून मुलांना आपला व्यवसाय देण्याची हौस असते, त्यांनीं एवढें ध्यानीं ठेवावें कीं दरवाजा उघडून देणें हें आईबापांचें काम आहे. आंत गेल्यावर मुलानें काय व्हावें आणि त्याच्या कमाईचें काय करावें, तें त्याचें त्याला ठरवूं द्यावें.