आल्याच्या चहात दूध का नासते?

श्रोतेहो, पौषातली थंडी काय असते हे निफाडकडच्या मंडळींना सांगायला नको. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पारा कधीकधी पाच अंशांच्याही खाली जातो आणि घरोघर आल्याच्या चहाचे आधण चढते. पण पाहुणे ओट्यावर येऊन बसावेत आणि नेमके तेव्हाच दूध नासावे, असेही होते. मग कुणी गवळ्याला बोल लावतो, कुणी भांड्याला. दूध ताजे व भांडे स्वच्छ असेल, तर खरा अपराधी बहुधा कच्चे आले असते बरं का!

ओल्या आल्यात दुधातील प्रथिने तोडणारे एक द्रव्य असते. शास्त्रात अशा द्रव्याला विकर म्हणतात. आल्याचा कच्चा रस गरम दुधाला लागला, की दुधाच्या गुठळ्या होऊ लागतात. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात याच गुणाचा उपयोग करून घेतात. आल्याच्या रसावर गरम गोड दूध ओततात. ते विरजणाशिवाय दह्यासारखे थिजते आणि लोक ते आवडीने खातात. मात्र हे विकर उकळीपुढे टिकत नाही. आपल्याला हवी ती युक्ती इथेच आहे.

आता कृती ऐका. दोन कपांसाठी दीड कप पाणी घ्या. बोटाच्या पेराएवढे आले माती जाईपर्यंत धुवा, खलबत्त्यात ठेचा आणि गार पाण्यातच टाका. कोवळे आले सौम्य लागते, जून आले तिखट. त्या मानाने कमीजास्त करा. परसात गवती चहा असेल तर दोन पाती घाला. उकळी आल्यावर चार-पाच मिनिटे उकळू द्या. नंतर साखर व दीड चमचा चहापूड घालून मिनिटभर उकळा. शेवटी अर्धा कप तापवलेले दूध घाला, एक उकळी आली की गाळा. आधी आले, शेवटी दूध, एवढा क्रम सांभाळला की झाले.

गुरुजींनी आणि बाईंनी हा प्रयोग वर्गात अवश्य दाखवावा. एका वाटीत आल्याचा कच्चा रस, दुसरीत तोच रस पाच मिनिटे उकळून घ्यावा. दोन्हींत सारखेच गरम, पण उकळते नसलेले दूध ओतावे आणि वाट्या न हलवता ठेवाव्यात. थोड्या वेळाने काय फरक पडला, तो मुलांनीच सांगावा.

जाता जाता दोन गोष्टी. चहा जेवणाबरोबर घेऊ नका. चहातील तुरट द्रव्यामुळे बाजरीतले आणि पालेभाजीतले लोह अंगी कमी लागते. ज्या आयाबहिणींच्या अंगात रक्त कमी आहे, त्यांनी तर जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावेच. दुसरी गोष्ट खोकल्याची. आल्याच्या चहाने घशाला आराम वाटतो, पण तो क्षयावरचे औषध नव्हे. खोकला दोन आठवडे हटला नाही, तर ‘सुंठीवाचून खोकला जाईल’ म्हणून वाट पाहत बसू नका. सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन थुंकी तपासून घ्या. तिथे त्याचे पैसे पडत नाहीत.