सायकल सर्वांची, राखण कोणाची?

राजगुरुनगरच्या एसटी स्थानकावर सकाळी वाडा, चास, डेहणे या बाजूंच्या गाड्या येऊन थांबल्या, की वह्या-पुस्तके सावरीत विद्यार्थ्यांचे थवे खाली उतरतात. तेथून पुढची वाट रोज दोन वेळा पायी तुडवावयाची, की घरून मिळालेल्या तुटपुंज्या पैशांतून रिक्षाचे भाडे भागवावयाचे, हा प्रश्न त्यांतील कित्येकांना नित्याचाच आहे. कचेरीत दाखल्यासाठी आलेला शेतकरी आणि न्यायालयात तारखेला आलेला पक्षकार यांची अवस्थाही फारशी निराळी नसते. आणि येथून दहा-बारा किलोमीटरवर, चाकणच्या पट्ट्यात, मोटारी व मोटारसायकली अहोरात्र तयार होत असतात. देशोदेशी वाहने पाठविणाऱ्या या तालुक्याला आपल्याच मुलांना गावापुरती एक सायकल देता येऊ नये काय?

सायकल गावाच्या मालकीची असावी, गरजेला कोणीही न्यावी, काम होताच जागेवर आणून ठेवावी आणि त्यासाठी दमडीही पडू नये, ही कल्पना ऐकावयास मोठी रम्य आहे. ती नवीन मात्र नाही. १९६५ साली आम्स्टरडॅम शहरात ‘प्रोव्हो’ या तरुणांच्या चळवळीने काही सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता, सर्वांसाठी रस्त्यावर ठेवल्या. पोलिसांनी त्या जप्त केल्या. कारण काय, तर सायकलीला कुलूप असलेच पाहिजे असा तेथील नियम होता! १९९३ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे सुमारे ३०० सायकली अशाच मोकळ्या सोडण्यात आल्या. थोड्याच काळात त्या जवळजवळ सर्व चोरीस गेल्या. १९९५ साली कोपनहेगनने थोडा धडा घेतला. नाणे अडकवावे तेव्हा सायकल सुटावी आणि ती परत ठेवताच नाणे हाती यावे, अशी तेथे युक्ती होती. ती योजना बरीच वर्षे चालली. परंतु सायकल नेणारा कोण, हे त्या नाण्याला सांगता येत नव्हते.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. सायकलींचे शहर म्हणून एके काळी ज्याची ख्याती होती, त्या पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाचे आवार व औंध येथे नाममात्र भाड्याच्या सार्वजनिक सायकलींचा प्रयोग सुरू झाला. पुढे आणखी कंपन्या आल्या, रस्तोरस्ती रंगीबेरंगी सायकली दिसू लागल्या. त्यांना उपग्रहाशी जोडलेली कुलपे होती, भ्रमणध्वनीवरून पैसे घेण्याची सोय होती. नव्हती ती एकच गोष्ट : सायकलीकडे आपली म्हणून पाहणारा माणूस. कुलपे फोडली गेली, आसने पळविली गेली, कित्येक सायकली नाल्यांत सापडल्या. काही कंपन्यांनी वर्ष-दोन वर्षांतच गाशा गुंडाळला.

या सर्व अनुभवांवरून ‘आपले लोकच असे’ हा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण केंब्रिजचे उदाहरण पाहता तो अन्यायाचा ठरेल. दोष जातीचा वा देशाचा नसून अनोळखीपणाचा आहे. जी वस्तू सर्वांची असते आणि जिची राखण कोणाकडेच नसते, ती फार काळ टिकत नाही. आपल्याकडील भाड्याच्या सायकलींचे दुकान आठवावे. तेथे यंत्र नव्हते, की ओळखपत्र नव्हते. मळक्या वहीत नाव व वेळ लिहिली जाई आणि हा मुलगा कोणाचा, हे दुकानदाराला ठाऊक असे. तेवढ्या ओळखीवर सायकल परत येत असे. महानगराने ही ओळख गमावली. राजगुरुनगरासारख्या गावात ती अजून शिल्लक आहे. हेच या गावाचे खरे भांडवल होय.

म्हणून येथे सायकलींची योजना आखावयाची तर ती वाचनालयाच्या धर्तीवर आखावी. नगरपरिषदेने एसटी स्थानकाजवळ व महाविद्यालयाजवळ जागा द्यावी. आरंभ पन्नास सायकलींनीच करावा. सभासदत्व विनामूल्य असावे, मात्र प्रत्येक सायकलीची नोंद नावावर व्हावी. देखभालीचे काम गावातील सायकल दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे मासिक वेतनावर सोपवावे. फुकट याचा अर्थ बिनखर्ची असा होत नाही. टायर, ट्यूब, ब्रेक, साखळीचे तेल यांचा खर्च कोणीतरी उचलावाच लागतो. येथे २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ उपयोगी पडावे. पात्र कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यासाठी खर्च करावा आणि त्यात आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे ते सांगते. चाकणच्या कारखान्यांना राजगुरुनगर हा परिसर नव्हे, असे कोण म्हणेल?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. पुणे-नाशिक महामार्गावरील अवजड वाहतुकीत सायकल घालणे म्हणजे जिवाशी खेळ होय. तेव्हा सायकलींचा वापर गावातील अंतर्गत रस्त्यांपुरताच ठेवावा आणि त्या रस्त्यांवरील खड्डे व अतिक्रमणे आधी दूर करावीत. हे न करता केवळ उद्घाटनाची फीत कापली, तर योजना न झालेली बरी.

हा प्रपंच कशासाठी, असे कोणी विचारील. बिहार सरकारने २००६ साली नववीत गेलेल्या मुलींना सायकली देण्यास आरंभ केला. त्या योजनेच्या अभ्यासात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. तेथे सायकल मुलीच्या मालकीची होती, अंतरेही मोठी होती. दोन्ही योजना एक नव्हेत. परंतु शिक्षण पुष्कळदा बुद्धीअभावी नव्हे, तर वाटेच्या त्रासापायी सुटते, हे सत्य तेथे जसे आहे तसेच येथेही आहे.

पन्नास सायकलींनी गावाचा कायापालट होणार नाही. पण वर्षाअखेरीस त्या पन्नासही जागेवर चालत्या स्थितीत उभ्या असतील, तर ‘सार्वजनिक’ म्हणजे ‘बेवारशी’ नव्हे, एवढे तरी या गावाने दाखवून दिले असे होईल. महानगरांनाही त्यातून काही शिकता येईल.