बिटांच्या वाटेवरचे दगड

उत्तर फ्रान्समध्ये वालेर नावाच्या गावाबाहेर एक जंगल आहे आणि त्या जंगलातून एक रस्ता जातो. दोरी लावून आखल्यासारखा सरळ, दोन्ही बाजूंना उंच झाडं, लांबी अडीच किलोमीटरच्या आत. रस्ता सगळा दगडांचा, डांबराचा थेंब नाही. एखादा दगड वर आलेला, शेजारचा खचलेला, तिसऱ्याचा कोपरा उडालेला. दोन दगडांमधल्या फटीत कुठे बोट जातं, कुठे तळहात आडवा बसतो. झाडांच्या सावलीमुळे दगडांवर शेवाळ धरतं. २०२४ साली या रस्त्यावर शेळ्यांचा कळप आणून सोडला होता, फटींतलं गवत खाऊन साफ करायला. कारण एप्रिलच्या एका रविवारी जगातले सर्वांत वेगवान सायकलपटू इथे शिरणार होते. हा आरांबेरचा रस्ता. पॅरिस-रूबे या शर्यतीतला सर्वांत धाक असलेला तुकडा.

ही शर्यत १८९६ सालची. रूबे हे तेव्हा कापडगिरण्यांचं शहर. तिथल्या तेओदोर व्हिएन आणि मॉरिस पेरेझ या दोन गिरणीमालकांनी सायकलींसाठी धावपट्टी बांधली होती आणि लोकांचं लक्ष तिच्याकडे वेधायला पॅरिसहून रूबेपर्यंत शर्यत काढली. नावातलं पॅरिस आज नावापुरतंच उरलंय. १९७७पासून सुरुवात होते ती काँपिएन्यहून. अंतर सुमारे २६० किलोमीटर, त्यातले पंचावन्न-एक दगडांवरचे, तेही सलग नाहीत, तीसेक तुकड्यांत विखुरलेले. वाटेत डोंगर एकही नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणारा ‘घाटाचा राजा’ होतो, हे ऐकत वाढलेल्या आपल्याला वाटतं की कठीण शर्यत म्हणजे चढाची. इथे जमीन ताटासारखी सपाट आहे आणि तरीही कितीतरी जण शेवटपर्यंत पोहोचत नाहीत.

मग एवढे दगड आले कुठून? उत्तर मातीत आहे. तिकडची जमीन चिकणमातीची, पाऊस बारमाही. बैलगाडी चिखलात रुतली की काय होतं ते कोकण-घाटमाथ्यावरच्या माणसाला सांगायला नको. त्यात या मुलखात दोन अवजड गोष्टी निघत, कोळसा आणि साखरेचं बीट. इंग्लंडशी चाललेल्या युद्धात उसाची साखर येणं थांबलं, तेव्हा १८११ साली नेपोलियनने हजारो हेक्टरांवर बीट लावायचा हुकूम काढला. शरद ऋतूत बीट उपटायचं, ओल्या मातीसकट गाडीत भरायचं आणि पाऊस चालू असताना कारखान्याला पोहोचवायचं, तर चाकाखाली काहीतरी घट्ट हवंच. म्हणून शेताशेतांतून दगड बसवले गेले. फ्रेंचमध्ये या फरसबंदीला ‘पावे’ म्हणतात.

पाणी निथळावं म्हणून रस्त्याची पाठ मुळातच थोडी फुगीर ठेवलेली. त्यावरून वर्षानुवर्षं गाड्या गेल्या, दोन्ही चाकोऱ्या दबत गेल्या आणि मधला कणा आणखी वर आला. आजचा सायकलपटू त्याच कण्यावरून जातो. घसरला तर चाकोरीत आणि चाकोरीत असतं पाणी, चिखल आणि सुटलेले दगड. जुन्या गाडीवानांच्या चाकांनी कोरलेला हा आकार शर्यतीत कोण कुठून पुढे काढेल ते अजूनही ठरवतो. मला या साऱ्यातलं हे सर्वांत विलक्षण वाटतं.

आता चाकाजवळ जाऊन बघू. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. दगड वीतभर धरला तरी एका सेकंदात पन्नास दगड चाकाखालून जातात. पन्नास ठोके, दर सेकंदाला, आणि असे काही तुकडे तीन किलोमीटरांहूनही लांब. अशा ठिकाणी आपण जपून, सावकाश चालवू. पण सावकाश गेलं की चाक प्रत्येक फटीत उतरतं आणि पुढच्या दगडाची कड चढतं. वेग असेल तर त्याला खाली उतरायला सवडच मिळत नाही, ते माथ्यामाथ्यांवरून सरकत जातं. म्हणून दगड आले की हे लोक जोर वाढवतात. हँडल आवळून धरायचं नाही, हे दुसरं शहाणपण. मूठ आवळली की प्रत्येक ठोका थेट खांद्यात जातो आणि तळहाताला फोड येतात. पकड सैल ठेवली की सायकल खालच्या खाली नाचते, माणूस तिच्यावर तरंगत राहतो.

तिसरी गोष्ट हवेची. टायर जितका टणक तितकी सायकल वेगात, हे गुळगुळीत डांबरावर बऱ्याच अंशी खरं आहे. दगडांवर मात्र टणक टायर दबत नाही, तो सायकल आणि माणूस दोघांना उचलतो. पॅडल मारून कमावलेला जोर पुढे जाण्याऐवजी वर-खाली हलण्यात जातो आणि अंगाच्या थरथरीत उष्णता होऊन विरतो. मऊ टायर दगड पोटात घेतो. म्हणून आता इथे तीस मिलिमीटरहून रुंद टायर कमी हवा भरून वापरतात. हवा किती कमी करायची, हा खरा पेच. थोडी जास्त काढली की रिम सरळ दगडाच्या कडेवर बसते आणि चाक गेलं.

आणि या वाटेवरून जाताना मातीत काय आहे तेही आठवावं लागतं. पहिल्या महायुद्धाची आघाडी चार वर्षं याच मुलखातून गेली होती. १९१३ची शर्यत जिंकणारा फ्राँस्वा फाबेर मे १९१५मध्ये आर्त्वाच्या लढाईत पडला. सलग तीन वर्षं जिंकलेला ऑक्ताव्ह लापीझ वैमानिक झाला आणि १९१७मध्ये आकाशात मारला गेला. युद्ध संपल्यावर १९१९मध्ये मार्गाची पाहणी करायला माणसं उत्तरेकडे निघाली. त्यांना घरं दिसेनात, झाडांची खोडं तेवढी उभी, शेतांत खड्डेच खड्डे. तेव्हापासून या शर्यतीला ‘उत्तरेचा नरक’ हे नाव चिकटलं. आज लोक समजतात की ते दगडांमुळे पडलं. ते पडलं होतं उद्ध्वस्त गावांमुळे. त्या वर्षी आँरी पेलिसिए जिंकला, बारा तासांहून जास्त वेळ घेऊन. वाटेत रेल्वे फाटकाशी गाडी आडवी उभी होती, तर तो सायकल घेऊन डब्यातून पलीकडे उतरला. ताशी तेवीस किलोमीटरही वेग पडला नाही. २०२४मध्ये मात्यू व्हान डर पूलने तो जवळजवळ अठ्ठेचाळीसवर नेला.

रूबेच्या नैऋत्येकडे, दोन-अडीच तास सायकल मारली की नव्ह-शापेल हे गाव लागतं. ते शर्यतीच्या मार्गावर नाही, पण मराठी माणूस तिकडे गेला तर त्याने वाट वाकडी करावी. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी या गावासाठी झालेल्या लढाईत ४७व्या सिख पलटणीबरोबर बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. म्हणजे आपल्या पुण्याच्या खडकीहून गेलेले लोक. रस्ते करणं, पूल बांधणं, खंदक खणणं हे त्यांचं काम. त्या दिवशी त्यांना संगिनी लावून घराघरांतून लढायला पाठवलं आणि त्यांची भयंकर हानी झाली. आज तिथे गोलाकार स्मारक आहे, १९२७मध्ये उघडलेलं. दगडी जाळीची भिंत, उंच खांब, दोन वाघ आणि ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७००हून अधिक हिंदी सैनिकांची व कामगारांची नावं. भोवती शेतं आहेत, रस्ता सपाट आहे, वारा समोरून येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर दगडांवरच पाळी आली. गावोगावच्या महापौरांना या वाटा मागासलेपणाची खूण वाटत. सायकलींच्या निमित्ताने सारा देश आपला खडबडीत रस्ता टेलिव्हिजनवर पाहणार, याची त्यांना लाज वाटे, म्हणून भराभर डांबर पडलं. १९६५ साली शर्यतीच्या मार्गात जेमतेम २२ किलोमीटर दगड उरले होते. आयोजकांनी उरलेसुरले रस्ते हुडकायला माणूस पाठवला. तेव्हा ज्याँ स्ताब्लिन्स्कीने आरांबेरची वाट सुचवली. पोलंडहून आलेल्या घरातला हा मुलगा पोरवयात आरांबेरच्या कोळसा खाणीत उतरला आणि पुढे १९६२मध्ये जगज्जेता झाला. १९६८मध्ये शर्यत पहिल्यांदा त्या जंगलातून गेली. ज्या जमिनीच्या पोटात त्याने घाम गाळला, तिच्याच पाठीवर त्याने जगाला आणून सोडलं. खाण १९८९मध्ये बंद पडली, तिचे लोखंडी मनोरे जंगलाच्या तोंडाशी अजून उभे आहेत आणि २०१२पासून तो सगळा खाणपट्टा जागतिक वारशात गणला जातो. जवळच स्ताब्लिन्स्कीचा दगडी स्मृतिस्तंभ आहे.

आता तेच दगड जपायला माणसं धडपडतात. ‘पॅरिस-रूबेचे मित्र’ नावाची संस्था आहे. फळबागा-बागकाम शिकवणाऱ्या शाळांतली मुलं तिच्याबरोबर गुडघ्यांवर बसून कामाला लागतात. खचलेला भाग उकरायचा, दगड बाजूला काढून ठेवायचे, खालचा थर नव्याने भरून सारखा करायचा आणि मग एकेक दगड हाताने बसवून ठोकायचा. रस्ता गुळगुळीत करायचा नाही, पण धोकादायकही राहू द्यायचा नाही. इतकं बारीक मोजमाप एखाद्या खडबडीत रस्त्यासाठी आणखी कुठे होत असेल असं वाटत नाही.

रूबेला पोहोचल्यावर दीड फेरी धावपट्टीवर मारायची आणि संपलं. विजेत्याला बक्षीस म्हणून मिळतो ‘पावे’चाच एक दगड, चौथऱ्यावर बसवलेला. त्याने तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला की हात थरथरताना दिसतात. शेजारच्या जुन्या न्हाणीघरात काँक्रीटच्या बुटक्या भिंतींचे कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यावर एकेका विजेत्याच्या नावाची पितळी पाटी. डोळ्यांच्या पापण्यांपर्यंत मातीने माखलेले काही जण अजूनही तिथे साखळी ओढून गरम पाणी अंगावर घेतात.

रविवार सरतो. सोमवारी सकाळी शेतकरी ट्रॅक्टर काढतो आणि त्याच दगडांवरून आपल्या वावरात जातो. शरद आला की ट्रॉलीत बीट असतं, चाकांना माती असते, ती फटींत पडते. पुढच्या एप्रिलच्या आधी कुणीतरी पुन्हा ती उकरून काढणार असतं.