जुनी छायाचित्रे : ओळख आणि जतन

आपल्यापैकी अनेकांच्या घरी भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांशेजारी एखादे पिवळट पडलेले छायाचित्र टांगलेले असते. फेटा बांधून खुर्चीत ताठ बसलेले कुणी गृहस्थ. घरातील मुलांना विचारले तर ‘पणजोबांपैकी कुणीतरी’ एवढेच उत्तर मिळते.

हे ‘कुणीतरी’ आपल्या समाजाला परवडणारे नाही. इंग्रजी अमदानीत कॅमेरा आपल्याकडे वळला तो जातीचा नमुना टिपण्यासाठी. विल्यम जॉन्सन यांनी १८६३ व १८६६ मध्ये मुंबईच्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांतील बहुतेक माणसांखाली नाव नाही, जात आहे. याउलट राजगृहातील १९३४ चे कौटुंबिक छायाचित्र पाहा. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद, इतकेच नव्हे तर टॉबी या कुत्र्याचेही नाव आपल्याला ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी रमाईंचे निधन झाले, म्हणून त्या चित्राचे मोल अधिक.

आता ओळखायचे कसे? प्रथम भिंग घ्यावे. चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसले तर ते बहुधा छापखान्यातील प्रत आहे, मूळ छायाचित्र नव्हे. जुन्या थोरांच्या तसबिरी पुष्कळदा अशाच असतात. ठिपके नसतील तर कागद पाहावा. पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि रंग तपकिरी-पिवळा असेल, तर ते अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावरचे असू शकते. ही पद्धत १८५० मध्ये निघाली आणि त्या शतकाच्या अखेरीस मागे पडली. (त्या काळी छायाचित्रांपायी किती अंडी फुटली असतील कोण जाणे!) पुठ्ठा सुमारे सव्वाचार इंच रुंद व साडेसहा इंच उंच असेल तर ते १८६६ नंतर रूढ झालेले ‘कॅबिनेट’ चित्र. काळ्या भागावर, विशेषतः कडेला, चांदीसारखी निळसर झाक दिसली तर कागद नंतरच्या, जिलेटिनच्या पद्धतीचा. आपल्या घरांतील बहुतेक चित्रे याच प्रकारची निघतील. पुठ्ठ्यावरचा स्टुडिओचा शिक्का आणि गाव अवश्य टिपून ठेवावे.

पोशाख तर बोलतोच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली होती. १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणून गणवेशातील आजोबांचा काळ ठरवणे तुलनेने सोपे जाते. टोपीवरील बिल्ल्यात कोरेगावचा स्तंभ असेल तर चित्र रेजिमेंटच्या सुरुवातीच्या वर्षांतले. पुढे त्या जागी कट्यार आली.

स्त्रियांची चित्रे अधिक बारकाईने पाहावीत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नीट नेसण्याचा आणि जातीची खूण ठरलेले जड दागिने टाकण्याचा उपदेश केला. घोट्यापर्यंत आलेले लुगडे आणि मोकळा गळा दिसला तर त्यामागे हा उपदेश असू शकतो. मात्र गावोगावी हा बदल एकदम झाला नाही, तेव्हा केवळ त्यावरून साल ठरवू नये. तसेच हातातील पुस्तक, घड्याळ, मागचा रंगवलेला पडदा हे स्टुडिओचेही असे. पण अंगावर पूर्ण धोतर व कोट घालून खुर्चीवर बसणे, हीच गोष्ट गावात सहन केली जात नसताना त्या माणसाने पदरचे पैसे मोजून ती केली. चेहऱ्यावरचा ताठपणा केवळ कॅमेऱ्यापुढे स्थिर राहण्याचा नसावा, असे मला वाटते.

जतनाबाबत थोडेसे. चित्र ओल्या फडक्याने पुसू नये, चिकटपट्टी लावू नये. काचेला चिकटले असेल तर ओढून काढू नये. काचेसकट मोबाईलवर नक्कल घ्यावी. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवरून उतरवावे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नाव, गाव, अंदाजे साल लिहावे. बॉलपेन वापरू नये. आजीच्या चित्रामागे ‘अमक्याची पत्नी’ एवढेच न लिहिता तिचे स्वतःचे आणि माहेरचे नावही लिहावे.